झोपल्यासारखा दिसला

चाव्या परत केल्या तेव्हा
स्टोअरमधल्या पोराने पावती फाडून दिली:
जुडगा एक, चाव्या सात, पट्टा एक.
छत्तीस वर्षांत कमरेवर डावीकडे पडलेल्या घट्ट्याला
त्या पावतीत रकाना नव्हता.

हॅलिफॅक्समध्ये कुणाला वेड लागत नसे.
"वर टेकडीवर गेली" एवढंच म्हणत,
आणि बस चढाला लागली
की माणसं पलीकडच्या खिडकीतून बघत.
मीही रोज वरच जायची.
फक्त मला परतीचं तिकीट मिळे.

मिरजेहून आईचं पत्र:
सोयरिकीत कुणी विचारलं तर "मोठं इस्पितळ" म्हण,
पुढचं नको.
हीच आई, मी काही अचाट बोलले
की "वेडी कुठली" म्हणत डोक्यावर तेल थापायची.
इथल्या भाषेत असा शब्द फार शोधला,
हिणवतो तोच जवळ घेतो असा.
शेवटी वॉर्डात कुणी नसलं
की मराठीतच बोलायला लागले:
वेडे, दोन घास खा.
वेड्या, झोप आता.

एडिथ ॲक्रॉइड खायची.
सतराव्या वर्षी पोटात मूल, लग्न नाही,
म्हणून बापाने टेकडीवर आणून सोडलेली.
मी आले तेव्हा चाळीस वर्षं झाली होती तिला.
पुढे इस्पितळच मिटलं,
तिला खाली गावात खोली मिळाली, स्वतःचं दार,
दाराला पितळेची मूठ.
एका दुपारी भेटायला गेले.
मी बाहेरून ढकललं तर सहज उघडलं,
आणि आत ती, अगदी दाराला लागून,
कोट, टोपी, हातात पर्स.
"सकाळपासून उभी आहे," म्हणाली,
"आज उशीर झाला तुम्हाला."

जेवणानंतर सुऱ्या मोजायच्या, काटे मोजायचे,
आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं.
मुलीच्या लग्नात हॉलमध्ये
एक चमचा कमी भरला
तर मी दाराशी जाऊन उभी राहिले.
मुलगी हसली. जावईही हसला.
चमचा केकखाली होता.

रात्री दर पंधरा मिनिटांनी फेरी.
टॉर्च भिंतीवर धरायचा, डोळ्यांवर नाही,
परावर्तित उजेडात पांघरूण हलतं का बघायचं
आणि लिहायचं: झोपल्यासारखा दिसला.
"झोपला" असं लिहायचं नाही.
झोप ज्याची त्याला ठाऊक.

ग्रॅहम हर्स्ट, वय बावीस.
गालिच्यांची गिरणी बंद पडल्यावर हात रिकामे,
माझ्या स्वेटरचा सुटलेला टाका
त्याने एकदा काडेपेटीतल्या काडीने बसवून दिला होता.
सव्वातीन: झोपल्यासारखा दिसला.
साडेतीन

चौकशीत एकाने विचारलं, "दिसला म्हणजे?"
आम्हाला असंच लिहायला शिकवलंय, मी म्हणाले.
ते खरं होतं.
चष्मा पुसून त्यांनी तेही लिहून घेतलं.

आता सव्वातीनला आपोआप जाग येते.
शेजारी वसंतरावांचं पांघरूण वरखाली होतं.
बघते. पुन्हा बघते.
त्यांना एकदा कळलं, तर म्हणाले, "अगं, जिवंत आहे मी,"
आणि कूस बदलली.

बाजारात ग्रॅहमच्या आईचा लोकरीचा गाळा आहे.
चोवीस वर्षं तिथूनच लोकर घेते,
लागत नसली तरी.
ती सुटे पैसे माझ्या तळव्यावर मोजून ठेवते,
मी म्हणते थंडी फार, ती म्हणते वारा फार.
परवा मात्र पैसे हातात तसेच धरून म्हणाली,
तो मला सांगायचा, तुम्ही रात्री काहीतरी म्हणायचात.
तुमच्या भाषेत. वेद्या. वेड्या.
त्याला आवडायचं.
म्हणजे काय हो?

निळ्या लोकरीचे दोन गुंडे छातीशी धरून
मी शब्द जुळवत राहिले.
मागे रांग वाढत होती.
कुणीच घाई केली नाही.